गोड्या पाण्याचा म्हणून विकलेला मोरे ईल

दिवाळीत मिळालेले पैसे साठवून माझ्या भाच्याने, ईशानने, एक मासा विकत आणला. दुकानातल्या टाकीवर चिठ्ठी होती : ‘फ्रेश वॉटर स्नोफ्लेक ईल’. वीतभरापेक्षा थोडा लांब, करंगळीएवढा जाड. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी पुढच्या खोलीत टाकी मांडली, दोन दिवस भरून ठेवलेलं नळाचं पाणी ओतलं, तळाशी वाळू आणि एक फुटकं मातीचं मडकं ठेवलं. पिशवीतून सुटल्याबरोबर मासा मडक्यात शिरला आणि फक्त तोंड बाहेर काढून बसला. आईने दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, “अरे, साप आणलास की काय घरात?”

आईला तो साप वाटला यात नवल नाही. लांब, गुळगुळीत अंग, खवले नाहीत, छातीवर पर नाहीत, पोटाखाली पर नाहीत. मासा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं जवळजवळ काहीच नाही. शिवाय तो सारखा तोंड उघडत-मिटत होता. ईशानला वाटलं, तो चिडलाय. हा मोरे ईल, सापासारख्या लांब माशांतला एक, आणि त्याच्या नशिबी हा गैरसमज कायमचाच. खरं तर तो श्वास घेत असतो. रोहूच्या डोक्याच्या बाजूला कल्ल्यांवर जसं मोठं झाकण असतं, तसं याला नसतं. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक गोल भोक असतं, बस. तोंडाने पाणी आत ओढायचं, कल्ल्यांवरून फिरवायचं आणि त्या भोकांतून बाहेर ढकलायचं, हे काम त्याला दिवसरात्र करावं लागतं. काचेला नाक लावून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. वरच्या ओठाच्या टोकाशी दोन बारीक नळ्या पुढे आलेल्या असतात, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. त्या त्याच्या नाकपुड्या. मोरे ईलची नजर अधू, पण वास घ्यायची ताकद जबरदस्त.

या माशाने अकरा दिवस काही खाल्लं नाही. कोळंबीचे तुकडे चिमट्यात धरून तोंडापुढे हलवले. तो वास घ्यायचा, नळ्या थरथरायच्या आणि पुन्हा आत जायचा. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, “नवीन जागा आहे, सवय होईल.” बाराव्या दिवशी ईशानने मला फोन केला. “मावशी, तू येऊन बघ ना, तो बारीक झालाय.”

मी प्राणिशास्त्र शिकले ते इथेच, महाराजा सयाजीराव विद्यापीठात. मासे हा काही माझा खास विषय नव्हता, पण प्राण्याजवळ पोहोचायची वाट त्याच्या नावातून जाते, एवढं त्या वर्षांत पक्कं झालं होतं. म्हणून पाणी तपासायच्या आधी मी चिठ्ठी तपासली, आणि खरा घोटाळा तिथेच सापडला.

‘स्नोफ्लेक’ हे बाजारातलं नाव. समुद्री मासे पाळणारे लोक ते एका वेगळ्याच माशासाठी वापरतात. त्याचं शास्त्रीय नाव एकिड्ना नेब्युलोसा. तो पांढरट असतो, अंगावर काळे फांद्या फुटल्यासारखे डाग आणि त्यांत पिवळे ठिपके. त्याचे दात बोथट, दाढांसारखे, कारण त्याला खेकड्यांची कवचं फोडायची असतात. आमच्या टाकीतला मासा गडद तपकिरी होता आणि त्याच्या अंगावर मोहरी भुरभुरल्यासारखे बारीक फिकट कण होते. हा जिम्नोथोरॅक्स टिले. इंग्रजीत याला चिखलातला भारतीय मोरे म्हणतात. मोरे हा शब्द पोर्तुगीज मोरेइयावरून आला, तो लॅटिन मुरेनावरून. आपल्या आडनावाशी त्याचा संबंध नाही, हे ईशानला सांगावं लागलं, कारण त्याच्या वर्गात दोन मोरे आहेत.

आता ‘जिम्नोथोरॅक्स टिले’ या दोन शब्दांत काय काय भरलंय ते सावकाश पाहू.

शाळेच्या हजेरीपटावर आपलं आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात. शास्त्रीय नावाची रीत तीच. पहिला शब्द आडनावासारखा : तो एका घराण्यातल्या सगळ्यांना लागतो. दुसरा त्या घराण्यातल्या एकाचा. मराठी पाठ्यपुस्तकात पहिल्याला प्रजाती म्हणतात आणि दुसऱ्याने जी ठरते तिला जाती. वर्तमानपत्रात मात्र ‘नवी प्रजाती सापडली’ असं छापतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा जाती म्हणायचं असतं. या लेखात मी पाठ्यपुस्तकाचीच भाषा धरते.

जिम्नोथोरॅक्स म्हणजे ग्रीकमध्ये ‘उघडी छाती’. छातीवर पर नाहीत म्हणून उघडी. हे नाव बर्लिनमधल्या मार्कुस एलिझेर ब्लोख या डॉक्टरने १७९५ साली दिलं. पेशाने वैद्य आणि ध्यास माशांचा, असा हा माणूस. या प्रजातीत आज शंभराहून जास्त जाती आहेत. प्रजातीच्या वर कुल येतं : म्युरेनिडी, म्हणजे सगळे मोरे, सुमारे दोनशे जाती. कुलाच्या वर गण : अँग्विलिफॉर्मिस, म्हणजे खरे ईल. गणाच्या वर, परांमध्ये काड्यांसारखे किरण असलेल्या माशांचा प्रचंड वर्ग, ज्यात आपला रोहू, पापलेट, बोंबील सगळे येतात. त्याच्यावर पाठीचा कणा किंवा त्याची पूर्वतयारी असलेल्या प्राण्यांचा संघ. तिथे आपण माणसंही त्याच्या पंगतीला बसतो. आणि सगळ्यात वर प्राणीसृष्टी. पोस्टाच्या पत्त्यासारखंच आहे हे. देश, राज्य, शहर, पोळ (म्हणजे गल्ली), घर.

मी ‘खरे ईल’ म्हटलं, कारण खोटेही पुष्कळ आहेत, आणि आपल्या मराठीतच याचं फार चांगलं उदाहरण आहे. कोकणातल्या बाजारात वाम मिळते, समुद्रातली, मोठ्या दातांची. देशावर नदीकाठी वाम मिळते, टोकदार नाकाची, पाठीवर काट्यांची रांग असलेली. नाव एक, आकार जवळजवळ एक. पण समुद्रातली वाम खरी ईल आहे, मोरेच्याच गणातली. नदीतली वाम त्या गणात येतच नाही. नातं लावायचंच तर ती मोरेपेक्षा मरळ माशाला कितीतरी जवळची आहे. मरळ कुठे, वाम कुठे, असं कुणालाही वाटेल. विजेचा धक्का देणारा दक्षिण अमेरिकेतला तो प्रसिद्ध ईलही खरा ईल नाही. तो शिंगाड्यासारख्या मिशीवाल्या माशांच्या जवळचा. बिळात, खडकाच्या फटीत, चिखलात शिरून जगायचं असेल तर लांब सडपातळ अंग सोयीचं पडतं, म्हणून वेगवेगळ्या घराण्यांनी आपापल्या वाटेने तोच आकार घेतला. दिसतं तसं नसतं, हे वर्गीकरण करणाऱ्याने रोज घोकायचं वाक्य आहे.

मग नातं ओळखायचं कशावरून? मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

अठराव्या शतकात समुद्रात एक विचित्र जीव सापडायचा. पिंपळाच्या पानासारखा चपटा, काचेसारखा पारदर्शक, डोकं इवलंसं. शास्त्रज्ञांना तो स्वतंत्र मासा वाटला आणि त्याला लेप्टोसेफॅलस, म्हणजे ‘बारीक डोक्याचा’, असं नाव मिळालं. १८८६ साली फ्रान्समध्ये इव्ह दलाज याने असा एक जीव जिवंत ठेवला, आणि तो पान-मासा बदलत बदलत कॉन्गर नावाचा समुद्री ईल झाला. म्हणजे ज्याला वेगळा प्राणी समजून नाव दिलं होतं, ते ईलचं पोर निघालं. सगळे खरे ईल, मोरेसुद्धा, लहानपणी असेच पानासारखे पारदर्शक असतात आणि समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत राहतात. नदीतल्या वामीचं पिल्लू कधीच असं नसतं. उलट टार्पन नावाचा एक चंदेरी, खवलेदार मासा आहे. अंगाने अगदी मासा, ईलशी काडीचं साम्य नाही. पण त्याचं पिल्लू मात्र तसंच पानासारखं. म्हणून ईल आणि टार्पन एका मोठ्या गटात ठेवले जातात. मोठेपणी लपलेलं नातं बाळपणी उघडं पडतं. ईशानला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ टाकीकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, “हा पण पान होता?” हो, हाही पान होता.

पण मोरे ईलला इतर ईलपासून वेगळं काढणारी गोष्ट त्याच्या घशात आहे. बहुतेक मासे तोंड झटकन उघडतात, पाणी आत ओढलं जातं आणि त्याबरोबर भक्ष्यही. फटीत डोकं घालून शिकार करणाऱ्या मोरेला तेवढा जोराचा झोत तयार करता येत नाही. मग गिळायचं कसं? २००७ साली कॅलिफोर्नियात रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी अतिवेगवान चित्रीकरण करून दाखवलं की मोरेच्या घशात दुसरा जबडा असतो, आणि तो नुसता असतो असं नाही, तर पुढे येतो. पुढच्या जबड्याने भक्ष्य धरलं की मागचा जबडा घशातून सरकत तोंडात येतो, दात रुतवतो आणि घास मागे ओढून नेतो. विहिरीत पडलेली कळशी गळ टाकून ओढावी तसं. घशातले दात इतर माशांनाही असतात, पण ते असे पुढे झेपावत नाहीत.

आता दुसरा शब्द, टिले. आणि त्याच्यामागे असलेला माणूस, ज्याने आमच्या माशाचं कोडं सोडवायला दोनशे वर्षांनी मदत केली.

फ्रान्सिस ब्यूकॅनन, नंतर हॅमिल्टन, हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये होता. त्याने म्हैसूरची पाहणी केली, मग बंगालची केली, आणि जाईल तिथे माशांची टिपणं ठेवली. गंगा आणि तिच्या शाखांमधल्या माशांवरचा त्याचा ग्रंथ १८२२ साली एडिनबरोत छापला गेला. मला त्याचं एक फार आवडतं : कोळी ज्या नावाने मासा ओळखतात ते नाव तो बऱ्याचदा शास्त्रीय नावात तसंच ठेवायचा. आपण रोहू म्हणतो, त्याची जाती रोहिता. कटला, मृगळ आणि हिल्सा यांची नावंही त्याने तशीच ठेवली : कटला, मृगाला, इलिशा. ग्रीक-लॅटिनच्या राज्यात आपल्या मासेबाजारातले शब्द त्याने कायमचे बसवून टाकले.

त्याच ग्रंथात आमचा मासा आहे. आणि ग्रंथाचा विषय बघा : गंगा आणि तिच्या शाखा. म्हणजे हा मासा प्रवाळाच्या निळ्या पाण्यातला नाही. तो नदी समुद्राला मिळते तिथला, गढूळ, चिखलाच्या पाण्यातला. गंगेच्या मुखापासून पुढे पूर्वेला इंडोनेशिया, फिलिपिन्सपर्यंत तो आढळतो, आणि जास्तीत जास्त ६० सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. ‘फ्रेश वॉटर’ ही चिठ्ठी बहुधा इथूनच जन्मली. नदीत सापडतो ना, मग गोड्या पाण्याचा! पण नदीचं मुख म्हणजे गोडं पाणी नव्हे. बडोद्याच्या माणसाला हे समजावं लागू नये. विश्वामित्री पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात जाते. खंभातच्या आखाताची भरती देशात सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे. तिथे नदीच्या तोंडाशी सहा तासांपूर्वी जे पाणी होतं ते आत्ता नसतं. भरतीला खारं, ओहोटीला मचूळ, पावसाळ्यात जवळजवळ गोडं. टिले हा अशा बदलत्या पाण्याचा मासा. काही दिवस गोड्या पाण्यात काढणं त्याला जमतं. दुकानदाराकडे तो जिवंत दिसतो तो म्हणूनच. कायमचं राहणं जमत नाही.

का जमत नाही, हे समजायला लोणच्याची बरणी आठवा. कैरीला मीठ लावलं की तिचं पाणी सुटतं, कारण पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे जातं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. हाडं असलेल्या माशाच्या शरीरातल्या द्रवात त्याच्या सुमारे एक तृतीयांश. म्हणजे समुद्रातल्या माशाचं पाणी कैरीसारखं सतत बाहेर सुटत असतं. तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सगळं उलटं : बाहेरचं पाणी अंगात शिरत राहतं आणि अंगातलं मीठ बाहेर झिरपतं. तिथला मासा पातळ लघवी भरपूर करतो आणि कल्ल्यांनी पाण्यातलं चिमूट चिमूट मीठ ओढून घेतो. मचूळ पाण्यातल्या माशाला दोन्ही कामं येतात, पण एकाच बाजूने महिनोन्महिने ओझं ओढायला लावलं तर तो थकतो. खाणं सोडतो, कातडीवर बुरशी धरते आणि हळूहळू मरतो. आमचा मासा रुसला नव्हता. तो आतून बुडत होता.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी गत त्या चिठ्ठीची. त्या दुकानदाराचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यालाही वरून तेच नाव आलं असणार. पण दुकानात एक बरोबर शब्द लिहिलेला असता तर एका मुलाचे पैसे आणि एका जिवाचे बारा दिवस असे गेले नसते. याचा मला राग आला, आणि तो अजून आहे.

उपाय सरळ होता पण घाईचा नव्हता. घरातलं मीठ चालत नाही. त्यात नुसतं सोडियम क्लोराइड आणि वर आयोडीन. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बरंच काही असतं, म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारं सागरी मीठ आणलं. पाणी बदलताना दर वेळी थोडं थोडं वाढवत गेलो, कारण गाळणीत वाढलेले जिवाणू, जे माशाची घाण पचवतात, तेही एकदम खारट पाण्यात मरतात. पाण्याचा खारटपणा दाखवणाऱ्या घनतामापकावर काटा १.०००वरून सरकत १.०१०पर्यंत आणायला आम्ही तीन आठवडे घेतले. नवव्या दिवशी रात्री, खोलीतला दिवा बंद केल्यावर, ईशानने पुन्हा कोळंबी धरली. नळ्या थरथरल्या. मासा मडक्याबाहेर आला, घास पकडला, आणि मग ते झालं : तोंड न उघडता घास आत सरकला, कुणीतरी आतून ओढल्यासारखा. दुसरा जबडा. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तुम्हाला वाटेल, नावं एकदा ठरली की झालं. तसं नाही. ती कामं अजून चालू आहेत, आणि आपल्या देशातही. जिम्नोथोरॅक्स ही प्रजाती म्हणजे गेली दोनशे वर्षं ‘बाकी सगळे इथे टाका’ अशी पेटी झाली आहे. डीएनए तपासल्यावर दिसतं की त्या पेटीतले सगळे एका पूर्वजाचे वंशज नाहीत. उद्या तिची वाटणी होईल आणि काही जातींची आडनावं बदलतील. दुसरीकडे नव्या जाती सापडत आहेत. बंगालच्या किनाऱ्यावर बोटींतून उतरलेल्या मासळीत नक्षी नसलेला, साधा तपकिरी मोरे मिळाला, त्याला २०१५ साली जिम्नोथोरॅक्स मिश्राई हे नाव मिळालं. पुढच्याच वर्षी जिम्नोथोरॅक्स इंडिकस. असे मासे वेगळे काढताना रंग उपयोगी पडत नाही. क्ष-किरण चित्र घेऊन मणके मोजतात, दातांच्या रांगा पाहतात, पाठीचा पर कुठून सुरू होतो ते मोजतात, जबड्यावरची बारीक छिद्रं मोजतात.

नावांचे वादही गमतीदार आहेत. ऑस्ट्रेलियात काटेरी अंगाचा, अंडी घालणारा एकिड्ना नावाचा सस्तन प्राणी आहे. १७९७ साली क्यूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव म्हणून एकिड्नाच दिलं. पण ते नाव १७८८ सालीच मोरे ईलच्या एका प्रजातीला दिलं गेलं होतं. प्राणीसृष्टीत एक आडनाव दोन घराण्यांना चालत नाही आणि पहिल्याचा हक्क पहिला. काटेरी प्राण्याला शेवटी टॅकिग्लॉसस हे नाव घ्यावं लागलं. चिठ्ठीवरच्या चुकीच्या ‘स्नोफ्लेक’चा खरा मालक, तो एकिड्ना नेब्युलोसा, याच नऊ वर्षांच्या जोरावर आपलं नाव राखून आहे.

बडोद्यात बसून समुद्राबद्दल एवढं कशाला, असं कुणी विचारतं तेव्हा मी कमाटी बागेतल्या संग्रहालयाकडे बोट दाखवते. तिथे निळ्या देवमाशाचा आख्खा सांगाडा आहे, १९४४ साली महीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा. आणि बडोदा संस्थानाला स्वतःचा समुद्र होता. द्वारका, बेट द्वारका, ओखा हा सगळा ओखामंडळ गायकवाडांचा. सयाजीराव महाराजांच्या सरकारसाठी जेम्स हॉर्नेल या सागरी प्राण्यांच्या अभ्यासकाने तिथल्या सागरी जीवांचा अहवाल तयार केला, तो १९०९ आणि १९१६ अशा दोन भागांत निघाला. समुद्रापासून दूर राहणाऱ्या शहराने आपल्या किनाऱ्यावर कोण कोण राहतं हे शंभर वर्षांपूर्वी नीट विचारलं होतं.

मागच्या रविवारी ईशानने दुकानातली चिठ्ठी काढून स्वतःची लावली. रोमन लिपीत माशाचं नाव, त्यापुढे कंसात हॅमिल्टन आणि १८२२. मग विचारलं, “मावशी, कंस का गं? पुस्तकात ब्लोखने दिलेल्या एका नावाला कंस नाहीये.” प्रश्न चोख होता. हॅमिल्टनने १८२२ साली हा मासा जिम्नोथोरॅक्समध्ये ठेवलाच नव्हता. त्याने त्याला म्युरेनोफिस टिले म्हटलं होतं. पुढे आडनाव बदललं. जातीचं नाव देणाऱ्याचा मान कायम राहतो, पण त्याने दिलेलं आडनाव आता नाही, हे सांगण्यासाठी त्याचं नाव कंसात घालतात. कंस म्हणजे माहेरचं आडनाव वेगळं होतं याची खूण. कधी कधी आडनावाबरोबर दुसऱ्या शब्दाचं शेपूटही बदलतं. ब्लेकर या डच शास्त्रज्ञाने १८५९ साली ज्या मोरेला म्युरेना जावानिका म्हटलं, तो आज जिम्नोथोरॅक्स जावानिकस आहे, कारण म्युरेना स्त्रीलिंगी आणि थोरॅक्स पुल्लिंगी. काळी घोडी, काळा घोडा. मराठी येणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

हाताने लिहिताना शास्त्रीय नावातल्या दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारायची असते, हेही मी सांगितलं. त्याने पट्टी आणली, दोन रेघा मारल्या, कंसाखाली मारली नाही, आणि चिठ्ठीच्या खालच्या ओळीत लाल पेनने लिहिलं : पाणी मचूळ, १.०१०.